मामाचा भाचा, सरखेलांचा मुलगा

किल्ले पाहायला येणाऱ्या मंडळींकडून एक निदान हमखास ऐकू येतं. इंग्रजांकडे कर्तबगारीला भाव होता, आपल्याकडे घराण्याला. म्हणून त्यांचं आरमार जगभर गेलं आणि आपलं खाडीत कुजलं. जयगडच्या तटावर उभं राहून हे बोलणं आणखी सोपं जातं. खाली शास्त्री नदीचं रुंद मुख, पलीकडे तवसाळ, मधून ये-जा करणारी फेरीबोट, आणि जवळच गेल्या काही वर्षांत उभं राहिलेलं खासगी बंदर, जिथे कोळशाची अजस्र जहाजं लागतात. किल्ला पडका, बंदर चालू. बघणारा एक उसासा टाकतो, पूर्वजांच्या पदरात दोष घालतो आणि गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागतो.

मला हे निदान अर्धं खोटं वाटतं. उरलेलं अर्धं खरं आहे, पण भलत्याच कारणासाठी.

खोटं अर्धं आधी घेऊ. शिडाच्या जहाजांच्या काळातलं ब्रिटिश नौदल वशिल्यावर चालत होतं, आणि ही गोष्ट तिथे कुणी लपवतही नसे. अधिकारी व्हायचं असलेल्या मुलाला आधी कुणीतरी कप्तान आपल्या जहाजावर घेई. बहुतेकदा ‘कप्तानाचा नोकर’ म्हणून. कागदावर नोकर, प्रत्यक्षात उमेदवार. कप्तान कुणाला घेणार? बहिणीच्या मुलाला, मित्राच्या मुलाला, ज्याच्या मताशिवाय पार्लमेंटातली जागा टिकत नाही त्या जमीनदाराच्या धाकट्या मुलाला. नेल्सन १७७१ मध्ये बारा वर्षांचा असताना जहाजावर गेला, तो त्याच्या सख्ख्या मामाच्या, कप्तान मॉरिस सकलिंगच्या जहाजावर. थॉमस कॉक्रेनचं नाव त्याच्या कप्तान काकाने त्याच्या लहानपणीच जहाजांच्या हजेरीपटावर चढवून ठेवलं होतं. पोरगं घरी आणि नोकरी समुद्रावर. १७९३ मध्ये सतराव्या वर्षी तो खरोखर जहाजावर चढला, तेव्हा कागदावर त्याच्या पदरी काही वर्षांची सेवा आधीच जमा होती. आणि ॲडमिरल रॉडनीने तर कमालच केली. वेस्ट इंडीजमध्ये ताफ्याचा प्रमुख असताना, १७८० मध्ये, त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला लेफ्टनंट केलं आणि काही आठवड्यांत पोस्ट कॅप्टन करून टाकलं. मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हाती लढाऊ जहाज!

तेव्हा ‘त्यांच्याकडे गुण, आपल्याकडे घराणं’ ही वाटणी टिकत नाही. उलट, याच किनाऱ्यावर त्या सुमारास काय चाललं होतं ते पाहा. १६७९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर खांदेरी बेट घेऊन तिथे तट बांधायला शिवाजी महाराजांनी ज्याला पाठवलं तो मायनाक भंडारी. त्याच्या मदतीला आला तो दौलतखान. एक भंडारी, एक मुसलमान. दोघांपैकी कुणाचा मामा दरबारात बसला होता असं इतिहास सांगत नाही. कान्होजी आंग्र्यांची गोष्टही तशीच. वडील तुकोजी आरमारात चाकरीला होते, पण कान्होजी वर आले ते सुवर्णदुर्गाच्या वेढ्यात. किल्लेदार अचलोजी मोहिते सिद्दीशी संधान बांधून किल्ला देऊ पाहत होता. तरुण कान्होजींनी त्याला पकडलं, किल्ल्याचा ताबा घेतला आणि किल्ला लढवला, असं आंग्र्यांच्या इतिहासात सांगतात. पुढे सिधोजी गुजर वारल्यावर, १६९८ मध्ये, सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, त्यांच्याकडे आली. नेल्सनच्या आधी जवळपास शंभर वर्षं, आणि मामाशिवाय.

मग घोडं अडलं कुठे?

नेल्सनकडेच परत जाऊ. तोही या किनाऱ्याला अनोळखी नव्हता. ‘सीहॉर्स’ जहाजावरचा पोरसवदा मिडशिपमन म्हणून १७७३ ते १७७६ तो हिंदी महासागरात होता. मुंबईला त्याची जा-ये झाली, १७७५ मध्ये हैदरअलीच्या गलबतांशी उडालेल्या चकमकीत त्याने आयुष्यातला पहिला तोफगोळा सुटताना पाहिला, आणि हिवतापाने मरणाच्या दारी जाऊन तो मायदेशी परतला. मुंबई ते मलबार हा प्रवास जयगडसमोरूनच होतो. किल्ला तेव्हा पेशव्यांकडे होता. तर हा मुलगा १७७७ च्या एप्रिलमध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेला बसला. परीक्षा लंडनला, नेव्ही बोर्डात, कप्तानांच्या मंडळासमोर, तोंडी. आणि मंडळावर कोण? मामा. मॉरिस सकलिंग तोवर नेव्ही बोर्डाचा प्रमुख झाला होता. नियमाप्रमाणे वय वीस हवं. नेल्सन होता अठराचा. दाखल्यावर वीसच्या वर लिहिलं गेलं. परीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीचा कागद हातात पडला. आपल्याकडच्या कुठल्याही भरतीत हे घडलं असतं तर वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरलं असतं.

पण या सगळ्या सोयरीकबाजीत एक गोष्ट मामालाही टाळता आली नाही. परीक्षेला बसायला सहा वर्षांची समुद्रावरची सेवा लागे, त्यातली दोन मिडशिपमन किंवा तत्सम जागेवरची. ज्या ज्या जहाजावर काम केलं त्या प्रत्येकाच्या कप्तानाचा दाखला लागे. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजनिशी लागे: वारा कुठला, दिशा कोणती, दुपारी सूर्य किती उंचीवर, जहाज किती चाललं. आणि मग समोर बसलेले कप्तान विचारत. दोर जोडता येतो का, गाठी येतात का, वाऱ्यात शीड आखडता येतं का, भरती-ओहोटीचा हिशेब, सूर्यावरून आणि ताऱ्यावरून स्थान काढणं, होकायंत्राची चूक किती ते ओळखणं. शेवटी दाखल्यावर लिहीत की हा इसम कसलेल्या खलाशाचं आणि मिडशिपमनचं काम करायला लायक आहे. आधी खलाशाचं. लॉर्डाचा मुलगा असो की पाद्र्याचा, डोलकाठीवर चढलेला असल्याशिवाय त्याला ते लिहून मिळत नसे.

ही परीक्षा नौदलाचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युएल पेपिसने १६७७ मध्ये आणली. तोवर दरबारी तरुण थेट जहाजाचे अधिकारी होत, तोफांच्या बाजूला उभं राहून शौर्य गाजवत, आणि जहाज खडकावर नेत. दुसरीकडे डांबराने हात काळे झालेले जुने दर्यावर्दी त्यांच्या हाताखाली कुढत. पेपिसने दरबारी पोरांना बंदी केली नाही. ते त्याच्या हातात नव्हतं, राजाचेच लाडके होते ते. त्याने एवढंच केलं की दरबारी असो वा दर्यावर्दी, आधी काही वर्षं डेकवर काढायची, मग परीक्षा द्यायची. सुरुवातीला तीन वर्षं होती, पुढे सहा झाली. याला फाटे फुटले, खोटे हजेरीपट निघाले, वयं फुगवली गेली. नेल्सनच्या सहा वर्षांतही मेख आहे: त्यातलं जवळपास एक वर्ष तो व्यापारी जहाजावर वेस्ट इंडीजला गेला होता आणि त्याचं नाव मात्र मामाच्या युद्धनौकेच्या पटावर चालू होतं. पण गंमत बघा, लबाडी करतानाही पोरगं समुद्रावरच होतं.

पायरी ओलांडल्यावर पुढचा रस्ता पुन्हा वशिल्याचा. परीक्षा पास झाली म्हणजे नेमणूक मिळाली असं नव्हे. जागा हवी आणि शब्द टाकणारा हवा. पास होऊन वर्षानुवर्षं मिडशिपमनच राहिलेले, केस पिकलेले लोक प्रत्येक ताफ्यात असत. लेफ्टनंटचा कमांडर व्हायला बहुधा गाजलेली लढाई लागे. लढाई जिंकलेल्या जहाजाच्या पहिल्या लेफ्टनंटला बढती द्यायची असा रिवाजच होता, मग तो लढाईत चमकलेला असो वा नसो. एकदा मात्र पोस्ट कॅप्टन झाला की वशिला थांबे. त्यापुढे नुसती सेवाज्येष्ठतेची यादी. वरचे मरतील किंवा निवृत्त होतील तसतसं नाव सरकणार आणि जगला तर ॲडमिरल होणारच. लढाई पेटो आणि साथ पसरो, असा पेला अधिकाऱ्यांच्या जेवणात उचलला जाई तो याच हिशेबाने. यादीमुळे नालायक म्हातारेही वर येत. त्यावर १७४७ मध्ये तोड निघाली. अशा कप्तानांना नावापुरतं रिअर ॲडमिरल करायचं, पेन्शन द्यायची, ताफा द्यायचा नाही. खालच्या हुशार माणसाला वाट मोकळी, वरच्याची अब्रू शाबूत. आपल्या सचिवालयांना ही युक्ती कुणी शिकवायची गरज पडलेली नाही.

एवढं सगळं सांगितलं ते एका मुद्द्यासाठी. या शिडीवर कोण चढतो हे ठरवण्यात वशिला होता. पण चढलेल्या माणसाची ती पायरी मालकीची होत नसे. कप्तान आपल्या मुलाला कप्तान करण्यासाठी जंग जंग पछाडे, आणि करूनही दाखवे. पण आपली कप्तानी त्याच्या नावावर करून देता येत नसे. जहाज राजाचं, पगार खजिन्यातून, यादी ॲडमिरल्टीच्या कपाटात.

आता जयगडाकडे. १७१३ साली कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींनी कैदच केलं. आरमाराच्या प्रमुखाने पंतप्रधानाला धरून ठेवलं, अशी ही घटना. शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं, बाळाजींनी कान्होजींशी बोलणी केली आणि तह झाला. कान्होजी शाहूंकडे आले, सरखेली कायम झाली आणि दहा मोठे किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्या हवाली झाली. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, आणि त्याच यादीत जयगड. म्हणजे आज ज्या तटावर उभं राहून आपण गुण आणि घराण्याचा निवाडा करतो, तो तटच एका बढतीचा मोबदला होता. ब्रिटिश कप्तानाला महिन्याचा पगार आणि पकडलेल्या जहाजात हिस्सा मिळे. सरखेलांना किल्ले मिळाले, किल्ल्यांखालची गावं मिळाली आणि वसूल मिळाला.

कान्होजींच्या जागी कुणीही असतं तर हेच मागितलं असतं. आरमार उभं ठेवायचं तर लाकूड, दोर, तोफा, खलाशांचा रोजमुरा, सगळ्याला रोख लागते, आणि शाहूंच्या खजिन्यात ती नव्हती. शिवाजी महाराजांच्या वेळी किल्ल्याचे हवालदार, सरनोबत, सबनीस पगारी असत, बदलले जात. एकाच्या हाती किल्ला सोपवायचा नाही हा दंडक होता. राजारामांच्या काळात, जिंजीच्या वेढ्यात राज्य टांगणीला लागलं, तेव्हा माणसं धरून ठेवण्यासाठी वतनांची आश्वासनं वाटावी लागली. ज्या अंदाधुंदीने कान्होजींसारख्याला दार उघडून दिलं, त्याच अंदाधुंदीने त्या दाराची चावी त्याच्या घराण्याला देऊन टाकली. मला हा सगळ्या प्रकरणातला कळीचा भाग वाटतो, आणि आपल्याकडे आरमाराच्या चर्चेत तो फारसा येत नाही. आपली चर्चा शौर्यावर सुरू होते आणि फितुरीवर संपते.

रामचंद्रपंत अमात्यांना हे दिसत होतं. आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणात त्यांनी आरमाराच्या खर्चाला मुलखातून ठरावीक नेमणूक द्यावी, पैदास्तीवर म्हणजे लुटीच्या कमाईवर विसंबू नये, नाहीतर सावकार नागवले जातील आणि बंदरं बुडतील, असा विचार मांडला आहे. या एका बाबतीत अमात्य लंडनच्या ॲडमिरल्टीपेक्षा शहाणे होते. ब्रिटिश कप्तानांची निम्मी नजर कायम पकडता येण्याजोग्या मालाच्या जहाजावर असे. पकडलेल्या मालातला तीन अष्टमांश कप्तानाचा, आणि त्यातला एक भाग वरच्या ॲडमिरलचा. खलाशांच्या वाट्याला उरलंसुरलं, आणि त्या खलाशांतले कित्येक रस्त्यावरून जबरीने उचलून आणलेले.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांचे पुत्र सेखोजी चार वर्षांत गेले. मग संभाजी आणि मानाजी या दुसऱ्या दोन मुलांत जुंपली. मानाजींनी पोर्तुगीजांच्या मदतीने कुलाबा घेतला, आणि १७३५ मध्ये बाजीरावांनी मध्यस्थी करून दौलत वाटून दिली. कुलाब्याला मानाजी, वजारतमाब म्हणून. दक्षिणेकडे संभाजी, सरखेल म्हणून. शेतजमिनीची वाटणी करतात तशी जहाजं, किल्ले आणि किनारा यांची वाटणी झाली. बाजीरावांना यात फायदा दिसला हे उघड आहे, पण त्यांना दोष देताना जरा थांबावं. वतनाचा तंटा आला की राज्यकर्त्याच्या हाती वाटणीशिवाय उरतं काय? ज्येष्ठता यादी नव्हती, सेवेचा दाखला नव्हता, दोघांपैकी कुणाला समुद्र जास्त कळतो हे विचारणारं मंडळ नव्हतं. रक्त तेवढं होतं, आणि ते दोघांचंही सारखंच होतं.

संभाजींनंतर तुळाजी आले. इथे ‘गुण विरुद्ध घराणं’ हा हिशेब पार कोलमडतो, कारण कान्होजींच्या मुलांमध्ये तुळाजी बहुधा सर्वांत तडफदार. इंग्रज कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज त्यांनी १७४९ मध्ये पकडून आपल्या ताफ्यात घातलं. खुल्या परीक्षेत उतरले असते तरी तेच निवडले गेले असते. अडचण अशी की त्यांनी पेशव्यांना जुमानलं नाही, आणि त्यांना हटवण्याचा सरळ मार्ग कुणाकडेच नव्हता. सरखेली काढून घ्यायची तर विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जयगड, रत्नागिरी काढून घ्यायला हवं. आणि समुद्रावरचे किल्ले समुद्रावरूनच घ्यावे लागतात. समुद्रावर ताकद कुणाची? तुळाजींची. नाहीतर मुंबईच्या इंग्रजांची. १७५५ च्या मार्चमध्ये नानासाहेब पेशव्यांनी मुंबईशी करार केला. एप्रिलच्या सुरुवातीला कंपनीच्या विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या काही महिन्यांत पेशव्यांच्या फौजेने किनाऱ्यावरची बाकीची ठाणी घेतली, जयगडही गेला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. ‘रिस्टोरेशन’वर आग लागली, ती पसरली, आणि आंग्र्यांचा ताफा नांगरल्या जागी जळाला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

विजयदुर्गावर आलेले हे विजेते कोण होते तेही पाहण्यासारखं आहे. चार्ल्स वॉटसन हा सर चार्ल्स वेजरचा पुतण्या-भाचा वर्गातला, आणि वेजर होता ॲडमिरल्टीचा प्रमुख. वॉटसन चोविसाव्या वर्षी कप्तान झाला तो वेजर त्या खुर्चीवर असतानाच. दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी जॉर्ज पोकॉक. हा १७१८ मध्ये मुलगा म्हणून नौदलात आला तो ‘सुपर्ब’ जहाजावर, आणि त्याचा कप्तान होता त्याचा मामा, स्ट्रेनशॅम मास्टर. त्याच साली त्याच जहाजावर, त्याच मामाकडे, आणखी एक भाचा भरती झाला होता: पोकॉकचा मावसभाऊ जॉन बिंग. बिंगचा बाप तर त्या ताफ्याचा ॲडमिरल, पुढे लॉर्ड टॉरिंग्टन. बिंग तेविसाव्या वर्षी कप्तान झाला आणि यथावकाश ॲडमिरल.

पोकॉक विजयदुर्गासमोर होता त्याच वर्षी, १७५६ मध्ये, बिंगला भूमध्य समुद्रात मिनोर्का बेट फ्रेंचांपासून वाचवायला धाडलं होतं. त्याने लढाई अर्धवट सोडली आणि तो जिब्राल्टरला परतला. लंडनमध्ये हलकल्लोळ झाला. मंत्र्यांना आपली कातडी वाचवायची होती, यात शंका नाही. पण झालं काय? बिंगला परत बोलावलं, अटक केली, कोर्ट मार्शल बसवलं. आपल्या हातून जे शक्य होतं ते सगळं त्याने केलं नाही, एवढ्या कलमावर दोषी धरलं. त्या कलमाला मृत्यूखेरीज दुसरी शिक्षा नव्हती. न्यायाधीशांनीच दयेची शिफारस केली, ती राजाने मानली नाही. १४ मार्च १७५७ रोजी पोर्ट्समथला, ‘मोनार्क’ जहाजाच्या डेकवर, ॲडमिरलच्या मुलाला, लॉर्ड घराण्यातल्या माणसाला, नौदलाच्याच बंदुकांनी उडवलं. मला ही शिक्षा अन्यायाची वाटते. बिंग भेकड नव्हता, आणि त्याला दिलेली जहाजं धड नव्हती. पण ती शिक्षा देण्यासाठी इंग्लंडच्या राजाला फ्रान्सचं आरमार भाड्याने आणावं लागलं नाही. एका हुकमाने ताफा दुसऱ्या ॲडमिरलकडे गेला आणि त्याच जहाजांवर, त्याच खलाशांसह लढाई पुढे चालली. कान्होजींच्या मुलाला हटवायला पेशव्यांना सगळं आरमारच हरवावं लागलं.

नानासाहेबांनी स्वतःचं आरमार बुडवलं हा आरोप आपण शाळेपासून ऐकतो. निर्णय वाईटच होता. पण तो १७५६ मध्ये घेतला गेला असं मी म्हणणार नाही. तो कान्होजींशी झालेल्या तहात, हुद्द्याबरोबर किल्ला देताना, अर्धा घेतला गेला होता. आणि धडा मिळूनही चाल बदलली नाही. पेशव्यांनी पुढे विजयदुर्गाला आपलं आरमार उभं केलं. आनंदराव धुळपांसारखा खंदा माणूस त्यांना मिळाला. १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं तेव्हा मुंबईत धाबं दणाणलं. पण आरमाराची सुभेदारी धुळपांच्या घरातच राहिली, थेट १८१८ पर्यंत. त्या वर्षी जयगडसह सगळा किनारा इंग्रजांच्या हाती गेला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी इंग्रजांचीच शिडी बरी. त्या शिडीची दुसरी बाजू जयगडला चांगली माहीत आहे.

कोकणचे खलाशी इंग्रजांच्या जहाजांवर कंपनीच्या काळापासून होते. मुंबईत कंपनीचं स्वतःचं आरमार होतं, बॉम्बे मरीन. १८३० मध्ये त्याला इंडियन नेव्ही म्हणू लागले आणि १८६३ मध्ये ते मोडीत काढलं. पुढे आगबोटी आल्या तेव्हा मोठमोठ्या ब्रिटिश कंपन्यांच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं दिसत: खारवी, भंडारी, दालदी, कोकणी मुसलमान. त्यांची शिडी अशी: खलाशी, तांडेल, सारंग. संपली. सारंग आपल्या वाडीतली, नात्यातली पोरं आणून भरती करी, अगदी जसा ब्रिटिश कप्तान आपल्या परगण्यातली आणि आपल्या गोतातली पोरं आणी. वशिल्याची रीत तंतोतंत तीच. फरक वरच्या टोकाला. कप्तानाने आणलेला पोरगा ॲडमिरल होऊ शके; सारंगाने आणलेला फार तर सारंग. तीस वर्षं पाण्यावर काढलेला सारंग विशीतल्या गोऱ्या तिसऱ्या मेटचा हुकूम ऐके, आणि त्याचा पगार गोऱ्या खलाशाहूनही कितीतरी कमी असे.

आणि ब्रिटिशांना रंगाची अडचण अटळ होती असंही नाही. जमैकाचा जॉन पर्किन्स हा मिश्र वंशाचा माणूस १८०० मध्ये पोस्ट कॅप्टन झाला होता. त्या बेटांच्या पाण्यात त्याच्याइतकं वाकबगार कुणी नव्हतं, गरज होती, म्हणून दार उघडलं. आपल्याकडच्या तांडेलांना शास्त्रीच्या मुखातली रेतीची दांडी, जूनच्या तोंडाचा वारा, बाणकोटपासून मालवणपर्यंतचा प्रत्येक खडक पाठ होता. पेपिसच्या मंडळापुढे उभे केले असते तर इंग्रजीत नाही, पण दोरावर आणि सुकाणूवर अर्ध्याअधिक मिडशिपमनांना त्यांनी पाणी पाजलं असतं. त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पेपिसच्या पायरीला अर्थ होता तो ती सगळ्यांना ओलांडावी लागे म्हणून; इथे ती एका जातीच्या माणसांना ओलांडायची आणि दुसऱ्यांना नुसती बघायची होती. आणि हे आपल्याला नवीन नव्हतं. जयगडला नाव मिळालं ते जयबा नावाच्या महार मुलाचं, त्याने तटासाठी बळी जायचं कबूल केलं तेव्हाच बांधकाम टिकलं, असं इथे सांगतात. गोष्ट खरी की रचलेली, तो प्रश्न वेगळा. किल्ल्याला नाव देण्याइतका मोठा झालेला माणूस त्याच किल्ल्याचा हवालदार झाल्याची गोष्ट मात्र कुणी रचलीसुद्धा नाही.

दार किलकिलं झालं १९२७ मध्ये, मुंबईला ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज आलं तेव्हा. हिंदी मुलांना व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याचं शिक्षण प्रथमच तिथे मिळू लागलं. ब्रिटनमध्ये व्यापारी जहाजांच्या कप्तानांना आणि मेटना सक्तीची परीक्षा १८५० पासून होती. आपल्या पोरांना त्या पायरीखाली उभं राहायला आणखी सत्त्याहत्तर वर्षं लागली. त्यानंतरचा वेग पाहिला तर ती सत्त्याहत्तर वर्षं निव्वळ अडवणुकीची होती हे कळतं: १९६२ मध्ये भास्कर सोमण भारताचे नौदलप्रमुख झाले, १९८७ मध्ये जयंत नाडकर्णी.

आज सेकंड मेटच्या परीक्षेचा सांगाडा पेपिसने घातला तसाच आहे. समुद्रावर काढलेला ठरावीक काळ, कप्तानाचे दाखले, कॅडेटने रोज भरलेलं रेकॉर्ड बुक, आणि शेवटी समोरासमोर तोंडी परीक्षा. ती अवघड आहे आणि बऱ्यापैकी निःपक्ष आहे. वशिला आता तिच्या आधी बसतो. कॅडेट म्हणून पहिलं जहाज मिळाल्याशिवाय तो काळ भरत नाही, आणि पहिलं जहाज देणं कंपनीच्या मर्जीवर आहे. लाखो रुपये भरून कोर्स केलेली मुलं सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, खिशात घालून मुंबईत कंपन्यांच्या दारात फेऱ्या मारतात, त्यातली काही एजंटांच्या तावडीत सापडतात, आणि ज्याचा चुलता किंवा मेहुणा आधीच कंपनीत चीफ इंजिनिअर आहे तो सहा महिन्यांत जहाजावर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही बंदराच्या गावात चार घरं फिरलं तर यातले दोन्ही प्रकारचे मुलगे भेटतील.

सोयऱ्याने शब्द टाकू नये असं मी म्हणत नाही. तो टाकणारच, आणि सहा वर्षं डेकवर काढायला लावली तर त्याच्या भाच्यातूनही नेल्सन निघतो. प्रश्न उरतो तो ज्याला कुणीच नाही त्याचा. कोर्सला प्रवेश देताना पुढच्या जहाजाची जागा आधी बांधून घेण्याची सक्ती प्रत्येक संस्थेवर का असू नये? जितक्या बर्थ तितकेच विद्यार्थी, आणि त्या बर्थ गुणानुक्रमे. संस्थांची फी बुडेल, काही बंद पडतील. पडू देत. जयगडच्या बंदरात लागणाऱ्या जहाजाच्या ब्रिजवर जयगडचा मुलगा उभा राहायचा असेल तर तो तिथवर पोचण्याची वाट कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, आणि हा हिशेब मागायचा तो परीक्षा घेणाऱ्यांकडे नाही, जहाजं चालवणाऱ्यांकडे आणि त्यांना परवाने देणाऱ्या सरकारकडे.